चिखलदऱ्यात चढ शेवटी येतो

सातपुड्यातल्या पायवाटांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं परतवाड्याच्या एका निवृत्त भूगोल शिक्षिकेची

प्रश्न : बाई, नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही पाच जण दोन दिवसांसाठी चिखलदऱ्याला येतोय. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आईबाबा. बाबा एकसष्ट वर्षांचे आहेत, पण रोज शेतात चालणारे. मी राजगड, तोरणा केलेत. चिखलदऱ्याला तर गाडी थेट वर जाते, मग तिथं चालायचं ते काय, असं बायको म्हणते. दऱ्यांत उतरता येतं का? कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : वहिनींचा प्रश्न तुमच्यापेक्षा चांगला आहे. गाडी थेट वर जाते, हीच तर इथली गोम आहे.

राजगडाला तुम्ही सकाळी ताज्या पायांनी चढता. दमलात की पुढे उतारच असतो. इथे सगळं उलटं. एसटी तुम्हाला सुमारे ११०० मीटर उंचीच्या पठारावर आणून सोडते. चहा पिऊन तुम्ही कडेला येता, खाली सागाचं रान दिसतं, घळीतून पाण्याचा आवाज येतो आणि पाय आपोआप उताराला लागतात. तासभर सगळे खुशीत असतात. मग जेवण होतं, ऊन कलतं, आणि अख्खा चढ समोर उभा राहतो.

मी स्वतः अशी फसले आहे, तीही भूगोल शिकवत असताना. १९९१ च्या डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी एका नाल्यात उतरलो. खाली डोह होता, खडक उन्हानं तापलेले होते, दोघींनी तर पाय पाण्यात सोडून डुलकी काढली. चार वाजता घळीतलं ऊन गेलं. वरच्या कड्यावर मात्र ते अजून पिवळंधमक दिसत होतं, म्हणून आम्ही बिनघोर राहिलो. साडेपाचला अर्ध्या चढावर होतो आणि वाट दिसेनाशी झाली. म्हशी घेऊन घरी चाललेल्या एका गवळ्यानं आमचा आवाज ऐकला आणि बॅटरी घेऊन खाली आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, “मास्तरीनबाई, उतरतानी घाई नोका करू. चढतानी ते आठवते.”

तेव्हापासून माझा हिशेब असा : उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरायचा. मूल किंवा वडीलधारं माणूस सोबत असेल तर आणखी अर्धा तास. आणि घड्याळात एक वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, डोह दहा पावलांवर दिसत असला तरी. घळीत संध्याकाळ दोन तास आधी होते. मोबाइलला खाली रेंज नसते, तेव्हा फोन करून कुणी येईल हा विचारच सोडा.

आता तुमचे दोन दिवस. पहिल्या दिवशी खाली उतरूच नका, कडेकडेनं चाला. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट ही ठिकाणं लोक गाडीतून उतरून पाच मिनिटांत ‘करतात’. तुम्ही ती सावकाश, मधल्या रस्त्यानं चालत करा. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा झालं, अशी गोष्ट सांगतात. मुलीला ती भीमकुंडाच्या काठावर सांगा, पण कठड्याच्या अलीकडे उभं राहून.

देवी पॉइंटला मुलीला आणखी एक सांगता येईल. या बाजूचं पाणी चंद्रभागेतून दक्षिणेला पूर्णेत जातं, म्हणजे तुमच्या दर्यापूरकडच्या सपाटीवर. पठाराच्या पलीकडे उत्तरेच्या उताराचं पाणी सिपना, गाडगा अशा नद्यांतून तापीला मिळतं. एका डोंगरावरून दोन दिशांना गेलेलं हे पाणी पुन्हा भेटतं ते थेट जळगाव जिल्ह्यात, चांगदेवला, जिथे पूर्णा तापीला मिळते. माझ्या वर्गात नकाशावर हे बोटानं फिरवून दाखवलं की मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे यायची.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. दऱ्या म्हणजे काय हे समजून घ्यायला याच्यासारखी जागा नाही. बहामनींनी पंधराव्या शतकात बांधलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी घेतला. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेच्या बाजूला होता. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याच्या फौजेनं डोंगरातून स्वतः रस्ता तयार करत, हातांनी तोफा ओढत त्या उत्तरेला आणल्या. बाहेरचा कोट पडला, पण लढाई संपली नाही, कारण बाहेरच्या आणि आतल्या किल्ल्याच्या मधे घळ आहे. ती उतरून, पलीकडे चढून, भिंतीला शिडी लावल्यावरच आतला दरवाजा उघडला. म्हणजे फौजेलाही चढ शेवटीच आला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच लढताना पडला. शार्दूल दरवाज्यावरची शिल्पं बघायला बाबांना वेळ द्या. किल्ल्यात वाटा फुटतात आणि गवत वाढलेलं असतं, म्हणून चिखलदऱ्यातलाच माणूस वाटाड्या घ्या.

आणि दरीत उतरायचंच असेल, तर तुम्ही एकट्यानं, तिसरा दिवस जास्तीचा काढून, वनखात्याच्या चौकीवर विचारून, वाटाड्यासोबत. घरच्यांना तोवर खव्याच्या दुकानात बसवा. चिखलदरा आणि मोथ्याच्या बाजूचे गवळी म्हशी पाळतात, रबडी ताजी मिळते.

प्रश्न : आम्ही सहा मैत्रिणी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहोत. सेमाडोहहून कोलकासला सिपना नदीच्या काठाकाठानं चालत जायचा बेत आहे. रस्त्यानं तर सगळेच जातात. वाघ दिसेल का? भीती नाही वाटत.
— एक वाचक, अकोट

उत्तर : हा बेत सोडा. माझं हे उत्तर बाकीच्या उत्तरांसारखं गोड नाही.

तुमची वाट मेळघाटातून जाते, आणि मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिल्यांदा झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि नदीकाठ ही तर जनावरांची पाण्याची जागा. वाघाची भीती नाही म्हणता, ठीक. मला तरी वाघापेक्षा अस्वलाची जास्त आहे. वाघाला तुमची चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. अस्वल खाली मान घालून वाळवी उकरत बसतं, त्याला तुम्ही दहा हातांवर आल्यावर कळतं, आणि मग ते घाबरून अंगावर येतं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात तेव्हा पहाटे मोहाखाली अस्वल आणि फुलं वेचणाऱ्या कोरकू आदिवासी बाया एकाच झाडावर हक्क सांगत असतात. त्या बाया मोठ्यानं बोलत जातात, ते गप्पांच्या हौसेनं नाही.

त्यापेक्षा सेमाडोहचं निसर्ग परिचय केंद्र बघा, कोलकासला विश्रामगृहाजवळून सिपनेचं वळण बघा. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीचं नाव झाडावरून आहे हे काठावर उभं राहिलं की लगेच पटतं. चालायचं असेल तर चिखलदऱ्याजवळ आमझरीला जा आणि गावातला गाइड घ्या. त्याला वाघाबद्दल विचारू नका, झाडांची कोरकू नावं विचारा. दिवस कमी पडेल.

प्रश्न : पावसाळ्यात आलो तर? धबधबे तेव्हाच असतात ना?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : धबधबे बघायला जरूर या, चालायला नको. धुकं उतरलं की कडा कुठे संपतो ते दिसत नाही, काळ्या खडकावर शेवाळ असतं, आणि डोक्यावर ऊन असतानाही वर कुठे पाऊस झाला की नाला फुगतो.

प्रश्न : बूट कोणते घ्यावेत, बाई? दुकानदार आठ हजारांचे दाखवतो.
— एक वाचक, अंजनगाव

उत्तर : कुठलेही घ्या, पण खोल खाचांच्या तळाचे आणि महिनाभर वापरलेले. जानेवारीनंतर इथल्या वाटांवर सागाची वाळकी पानं पडतात, पापडासारखी. त्यांच्यावर नवा गुळगुळीत तळ असा सरकतो की आठ हजारांची किंमत बसायच्या जागेवर कळते. आणि अत्तर, सेंट लावून येऊ नका. इथल्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात.