बायोनिक डोळा बसवल्यावर नेहमीसारखं दिसतं का?

नाही, आजच्या कुठल्याही बायोनिक डोळ्याने निरोगी डोळ्याइतकं दिसत नाही. आपल्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या १० कोटींहून जास्त पेशी असतात. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘आर्गस २’ या बायोनिक डोळ्यात दृष्टिपटलाला विजेचे संकेत देणारे इलेक्ट्रोड होते फक्त ६०. त्यातून दाराची चौकट, हालचाल, उजेड-अंधार एवढंच कळायचं. नव्या ‘प्रिमा’ चिपमध्ये असे संकेत देणारे ३७८ घटक आहेत, आणि वयोमानाने मध्यदृष्टी गेलेल्या अनेक रुग्णांना युरोपातल्या चाचणीत खास चष्मा लावून पुन्हा अक्षरं वाचता आली. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच निकामी असेल, तर दोन्हींचा उपयोग नाही. आणि दुरुस्ती पुढे कोण करणार, हे आधीच विचारा: आर्गसचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि त्यानंतर आर्गस डोळ्यात असलेल्या माणसांना कुणी वाली उरला नाही.