झेरॉक्सच्या काउंटरवरची आधार कार्डं

प्रश्न : ताई, मुलीच्या डिप्लोमा प्रवेशासाठी आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि पासबुकाचं पहिलं पान झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं. प्रिंट घेताना त्याच्या स्क्रीनवर लोकांच्या आधार कार्डांची रांगच दिसली. घरी येऊन सगळं ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं. एवढं पुरे का, की आधार नंबरच बदलून घेऊ? – एक वडील, कराड (नाव छापू नये)

उत्तर : नाव छापत नाही. पण मासिकात नाव नको म्हणणारे आपण पासबुकाचं पान मात्र अनोळखी पोराला बिनदिक्कत देऊन येतो, याची मला गंमत वाटते.

आधार नंबर असा मागून बदलून मिळत नाही, तेव्हा तो विचार सोडा. डिलीट केलंत ते बरंच केलंत, पण पुरं नाही झालं. तहसील कचेरीसमोर मी बरीच वर्षं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवलं, त्यामुळे आतला कारभार सांगते. मुलगा संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडतो, तुमची फाइल डाउनलोड करतो आणि मग छापतो. चॅटमधला मेसेज गेला, तरी डाउनलोड फोल्डरमधली प्रत तिथंच राहते. यात कुणाचं कपट नसतं. प्रवेशाच्या दिवसांत माणसं एकमेकांच्या खांद्यावरून नोटा पुढे करत असतात, फायली पुसायला सवड कुणाला? पण तोच संगणक पुढे दुरुस्तीला जातो, कधी विकला जातो, आणि फोल्डर त्याच्याबरोबर जातो.

म्हणून दुकानात गर्दी नसेल तेव्हा जा आणि सांगा, “दादा, माझ्या फायली डाउनलोडमधून काढ, रिसायकल बिनमधूनही काढ.” समोर उभं राहून काढून घ्या. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय खरा, पण काउंटरवर कायद्यापेक्षा गोड बोललेलं लवकर लागू पडतं.

पुढच्या वेळी मुळात कमी द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर आधार डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’ असा पर्याय येतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. लॉजवर, भाडेकराराच्या एजंटाला, कुरिअरवाल्याला तेवढं बास. शिष्यवृत्तीसारखं काही थेट खात्यात जमा व्हायचं असेल, तिथं पूर्ण नंबर लागतो. तिथं अडून बसू नका.

आता पासवर्डचं. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो : नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. लोक फाइल पाठवतात आणि खालीच पासवर्ड टाइप करतात. नाहीतर रांगेत उभं राहून मोठ्यानं सांगतात. कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगायची, तसला प्रकार! काउंटरवर स्वतः टाइप करून द्या, कुणी नाही म्हणत नाही.

अस्सल कागद घेऊन गेलात आणि मशीनवर झेरॉक्स काढलीत, तर निदान संगणकात फाइल उतरत नाही. प्रतीवर आडवं लिहा : ‘फक्त अमुक कॉलेजच्या प्रवेशासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरं थोडी मजकुरावरून जाऊ द्या, म्हणजे तीच प्रत दुसरीकडे खपवणं अवघड होतं. फोटो आणि नाव मात्र झाकू नका, नाहीतर कारकून परत पाठवेल.

काहीजण फाइल पाठवण्याऐवजी स्वतःचंच व्हॉट्सॲप दुकानातल्या संगणकावर जोडतात आणि प्रिंट घेऊन तसेच निघून जातात. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. कागद एक गेला तर एक गेला. इथं सासूबाईंच्या रिपोर्टपासून भिशीच्या हिशेबापर्यंत सगळं उघडं पडतं. आत्ताच व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. तिथं ओळखीचं नसलेलं काही दिसलं, तर लॉग आउट करा.

यूआयडीएआयच्या आधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात, तेही करा. आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर, ओटीपीशिवाय, पैसे काढून देणारी सोय गावोगावी आहे. चोरलेल्या ठशांनी खाती रिकामी केल्याचे प्रकार घडलेत. मात्र रेशनला अंगठा लावत असाल, तर त्या दिवशी लॉक थोडा वेळ उघडायचं लक्षात ठेवा. नाहीतर धान्य तिथंच राहील आणि शिव्या मला बसतील. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला, तर तिथूनच तक्रार होते. आणि पैसेच गेले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : कपड्यांच्या दुकानात मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात. खरं आहे का? – एक गृहिणी, ठाणे

उत्तर : नाही. बिलासाठी नंबराची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय. “नंबर देत नाही, कागदावर बिल द्या,” एवढंच म्हणा. काउंटरवरची मुलगी मॅनेजरला विचारून येते आणि बिल निघतं. सवलतीचे पॉइंट हवे असतील तर खुशाल द्या, पण मग मेसेज आले म्हणून चिडायचं नाही.

प्रश्न : फोनची काच बदलायला दिली, तर दुकानदारानं पॅटर्न मागितला. द्यावा का? – एक कॉलेजवाली, नांदेड

उत्तर : काच, बॅटरी, चार्जिंगची पिन, यांना पॅटर्न लागत नाही. टच चालतो का ते तू स्वतः उघडून दाखव. पॅटर्न चिठ्ठीवर काढून ती फोनच्या पाठीला चिकटवायची रीत आहे, म्हणजे दुकानातल्या कुणालाही फोन उघडता येतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ असतो, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. तो लावला की फोन चालतो, पण तुझे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. सिम आणि मेमरी कार्ड घरी काढून ठेव.