ॲल्युमिनियमच्या डब्यावर भोकं चुकीच्या जागी पडली. एम-सील भरून पुन्हा ड्रिल मारू का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. हेडफोन ॲम्प्लिफायरसाठी कास्टिंगचा ॲल्युमिनियम डबा घेतलाय. समोर दोन पॉट (आवाज कमी-जास्त करायला फिरवतात ते पोटेन्शिओमीटर) आणि एक छोटा टॉगल स्विच. एका पॉटचं भोक दीड मि.मी. खाली घसरलंय, स्विचचं इतकं मोठं झालंय की नट आत जातोय, आणि मधे एक 3 मि.मी.चं भोक उगाचच पडलंय.

भरू नका. निदान आधी तरी नको. मी नाशिकच्या अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका शॉपमध्ये काम करतो, आणि पत्र्यावर भोक चुकणं हा आमच्याकडे रोजचा विषय आहे. तिथे कोणी पहिल्यांदा पुट्टीला हात लावत नाही. आधी बघतात की त्या भोकावर शेवटी काय बसणार आहे. जे नॉबखाली किंवा वायसरखाली जाणार ते भरण्यात वेळ कशाला घालवायचा?

दुसरं कारण ड्रिलच्या स्वभावाचं. भोकात एम-सील भरलंत आणि अर्धं त्यावर, अर्धं ॲल्युमिनियमवर असं नवीन भोक पाडायला गेलात, तर बिट मऊ बाजूला पळतो. म्हणजे फिरून जुन्याच जागी. वर पुट्टीचा चंद्रकोरीसारखा तुकडा सुटून हातात येतो तो वेगळाच.

तर घसरलेला पॉट. साध्या 16 मि.मी. पॉटचा बुश, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा गळा, 7 मि.मी.चा असतो, तुमचं भोक साडेसात-आठ असेल. गोल कानस घ्या आणि भोक फक्त वरच्या बाजूला दीड मि.मी. खा. बाजूंना हात लावायचा नाही. भोक लंबगोल होईल, होऊ द्या. बाहेरून एम-8चा साधा वायसर लावा: आतून 8.4, बाहेरून 16 मि.मी. बुश त्यात जातो आणि खालचा उघडा भाग पूर्ण झाकला जातो. वर 20 मि.मी.चा नॉब बसला की तुम्हाला स्वतःलाही ते भोक सापडणार नाही. वायसरमध्ये बुशला थोडी ढील राहते, म्हणून नट आवळताना दोन्ही पॉटच्या शाफ्टवर पट्टी धरून लेव्हल बघा. पॉटला बाजूला जो छोटा कान असतो तो बरेच जण पक्कडीने मोडून टाकतात. इथे मोडू नका. लंबगोल भोकात पॉट फिरायला आणि सरकायला टपलेला असतो, तो कानच त्याला धरून ठेवेल. कानासाठी आतून अर्ध्या जाडीपर्यंत छोटं भोक मारा, आरपार नको.

स्विचसाठी दोन रस्ते. एक, दोन्ही बाजूंनी रुंद वायसर. मला दुसरा जास्त आवडतो: भोकाला साजेसा पार्ट आणायचा. भोक 10-11 मि.मी. झालं असेल तर स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांच्या बिटने) 12 करा आणि 12 मि.मी.चं लॅचिंग, म्हणजे दाबलं की दाबलेलंच राहणारं, पुश बटन बसवा. डबाही जास्त देखणा दिसतो. फक्त बटनाला तुमच्या टॉगलइतके पोल (एकाच वेळी जोडली-तोडली जाणारी सर्किटं) आहेत ना, ते घेताना बघा.

मधलं 3 मि.मी.चं भोक ही तर भेटच समजा. तिथे 3 मि.मी.चा एलईडी लावा. नको असेल तर भोक किंचित मोठं करून 3.2 मि.मी.चा पॉप रिव्हेट ठोका, आणि समोरासमोर दिसेल असा दुसरा एक मुद्दाम ठोका. एक रिव्हेट चूक दिसतो, दोन दिसले की डिझाइन!

सगळंच वाकडं दिसत असेल, तर समोर नवीन पट्टी लावा. नाशिकमध्ये नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्यांकडे 2 मि.मी. ॲक्रिलिक लेझरने कापून मिळतं, अक्षरंही कोरून देतात. ॲल्युमिनियमच हवं असेल तर पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मनासारखा तुकडा सापडायचा; आता फॅब्रिकेशनवाल्याकडे उरलेली कातरण मागायची. इथे अडचण बुशच्या लांबीची येते. डब्याची भिंत अधिक पट्टी एवढी जाडी झाली की नटाला आटे उरत नाहीत. मग चुकलेलं भोक आणखी मोठं करा, 18-20 मि.मी., म्हणजे पॉटचं अख्खं अंगच त्यातून पुढे येतं आणि पॉट थेट पट्टीवर आवळला जातो. भिंतीला फक्त पट्टीचे चार स्क्रू लागतात.

भरणं खरंच टाळता येत नसेल, तर भोकाच्या कडा घासून खरखरीत करा, आतून पत्र्याचा तुकडा चिकटवा आणि अराल्डाइटमध्ये (इपॉक्सी गोंदात) कानशीचा ॲल्युमिनियमचा भुगा कालवून थोडं वर येईल असं भरा. दुसऱ्या दिवशी सपाट घासा. पण मग डबा पावडर कोटिंगला देऊ नका. त्या भट्टीत 180 ते 200 अंश तापमान असतं, घरगुती इपॉक्सी तिथे मऊ पडून फुगतं. स्प्रे पेंट मारा. आणि ग्राउंडचा स्क्रू लावाल तिथला रंग खरवडून उघड्या धातूवरच टॅग आवळा, नाहीतर हेडफोनमध्ये घुंई ऐकू येईल.

उरलेल्या भोकांच्या आधी मास्किंग टेपवर खूण, सेंटर पंच, मग 2 मि.मी.चा बिट. तो थोडा सरकला तर तिथेच थांबा. बारीक गोल कानशीने भोक योग्य बाजूला ओढून घ्या आणि मगच मोठा बिट लावा. ॲल्युमिनियम बिटला चिकटतं म्हणून रॉकेलचे दोन थेंब टाका.

तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, पण आत 230 व्होल्ट येणार असतील तर मेन्स केबलचं चुकलेलं भोक पुट्टीने बुजवू नका आणि तसंच मोकळंही सोडू नका. त्यावर आतून धातूची पट्टी रिव्हेट करा आणि केबल नवीन भोकातून ग्लँड (केबल घट्ट धरणारं बूच) लावूनच आत घ्या. ॲडॅप्टरवर चालणारं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.