रविवारची मिस्सा आणि ‘फक्त २ खोल्या शिल्लक’

ताई, मी मूळचा वसईचा, पुण्यात खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल असतो, म्हणजे बिघाड झाला की कधीही हजर व्हायचं. चर्चमध्ये मिस्सा (रविवारची उपासना) चालू असताना फोन थरथरतो आणि मी बाहेर पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसतो. गुड फ्रायडेलाही रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सुरू करणं, होतं. आई म्हणते, संत कार्लोकडे बघ, तोही कॉम्प्युटरवालाच होता. टीममधले म्हणतात, लॉजिक लिहिणारा माणूस देव कसा मानतो? सतत अपराधी वाटतं, प्रार्थना होत नाही. परवा हॉटेल बुकिंगच्या पानावर ‘फक्त २ खोल्या शिल्लक’ असा आकडा रँडम फंक्शनने (कुठलाही आकडा उचलून देणाऱ्या कोडने) दाखवायचं तिकीट, म्हणजे नेमून दिलेलं काम, आलं, तेही करून टाकलं. माझी श्रद्धा संपत चालली आहे का?
— वसईकर, पुणे

प्रिय वसईकर,

तुझं लांबलचक पत्र इथे कापून छापलं आहे. मूळ पत्रात पानंच्या पानं रविवारवर आहेत आणि त्या खोल्यांवर एक ओळ. ‘तेही करून टाकलं.’ मी अडखळले ती तिथे.

आधी रविवारचं बघू, कारण ते सोपं आहे. शब्बाथ दिवशी, म्हणजे काम न करायच्या पवित्र दिवशी, बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का, असं येशूने परुश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी लोकांना, विचारलं होतं (लूक १४). तेव्हा फोन वाजला की आधी विहिरीत काय पडलंय ते बघ. पैसे कापले गेले आणि बुकिंग झालंच नाही, रात्री कुटुंब हॉटेलच्या दारात उभं आहे, तर तो बैल आहे. उठ आणि जा. बॅनरचा रंग चुकलाय, तर तो सोमवारपर्यंत चुकलेला राहू दे. कुठल्या बिघाडाला रविवारी फोन करायचा, हे टीममध्ये बसून लिहून काढा. निम्मे फोन तिथेच कमी होतील. शिवाय चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, कलम १२४८ प्रमाणे, शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची धरली जाते. योग्य कारण असेल तर पॅरिशचे (तुझ्या भागातल्या चर्चचे) फादर सूटही देऊ शकतात, पण त्यासाठी त्यांना विचारावं लागतं. तू त्यांच्याशी बोललायस असं पत्रात कुठे दिसलं नाही.

आईचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण तुलना जरा अन्यायाची. कार्लो अ‍ॅक्युटिसला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळालं, तो २००६ साली पंधराव्या वर्षी गेला. त्याच्या मागे मॅनेजर नव्हता, होमलोन नव्हतं. टीममधल्या टोमण्यांना फार उत्तरं देत बसू नकोस. अल्गोरिदमच्या अभ्यासात ज्यांचं नाव सगळे घेतात ते डोनाल्ड नूथ ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती आहेत. ‘पर्ल’ ही प्रोग्रामिंगची भाषा करणाऱ्या लॅरी वॉल यांनी नाव ठेवताना शुभवर्तमानातला मोलवान मोत्याचा दाखलाही मनात धरला होता. चहाच्या वेळी एवढं पुरे.

आता त्या खोल्या. एखादी बाई आईच्या ऑपरेशनसाठी गाव सोडून निघाली आहे, दोनच खोल्या उरल्यात म्हणून ती घाबरून महागातली खोली घेते. आकडा कुठल्याच डेटाबेसमधून आलेला नाही, तो तुझ्या फंक्शनने ठोकून दिलाय. हे खोटं बोलणं आहे, फक्त तोंडाऐवजी स्क्रीनवर. आणि ही माझी एकटीची सोवळी कल्पना नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी दिली आहे. त्यात खोटी घाई लावणं पहिलंच आहे.

मला वाटतं तुझी प्रार्थना अडते ती इथे. मिस्सा बुडाली हे मान्य करणं सोयीचं असतं, कारण त्यात दोष कंपनीचा. तिकीट मात्र तू बंद केलंस.

म्हणून राजीनामा दे असं मी म्हणणार नाही. कर गोळा करणारे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन विचारू लागले, आम्ही काय करावं? त्याने त्यांना धंदा सोडायला सांगितला नाही. नेमून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक ३). तुझ्या धंद्यात याचा अर्थ असा: नवं तिकीट उघड. आकडा हॉटेलच्या खऱ्या शिल्लक खोल्यांवरून दाखवू, माहिती नसेल तर काहीच दाखवायचं नाही, असं त्यात लिही. कारण म्हणून ती मार्गदर्शक तत्त्वं जोड आणि लीगलला मेलमध्ये घे. तिथे बायबल आणू नकोस, मॅनेजरला ते उडवून लावायला सोपं जाईल. दंडाची शक्यता उडवून लावणं कठीण. पापनिवेदनाला जाशील तेव्हाही रविवारच्या आधी हे सांग.

मॅनेजर ‘बघू’ म्हणून ते तिकीट बॅकलॉगमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या यादीत, टाकेल, हीच शक्यता जास्त. एकदा आठवण कर, लेखी. तरी हललं नाही तर शांतपणे बायोडेटा नीट करायला घे, हप्ते चालू आहेत म्हणून दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय हलू नकोस. आणि मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ म्हणतात, तेव्हा पगाराचं झाल्यावर हेही विचार: एखाद्या तिकिटाला इंजिनिअरने नकार दिला, तर तुमच्याकडे पुढे काय होतं?

— ताई