पहिल्यांदा कॅमशाफ्ट उघडताना

स्विफ्टच्या इंजिनचं हेड (वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट असतो) स्वतः उघडायचं ठरवलंस, छान केलंस. घाई तेवढी करू नकोस.

सगळ्यात महत्त्वाच्या कॅमच्या कॅप, म्हणजे शाफ्टला हेडवर धरून ठेवणारे तुकडे. हेडला बसवूनच त्यांची भोकं एका रेषेत कोरलेली असतात, त्यामुळे त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. वरचे आकडे आणि बाण नीट बघ, काढण्याआधी फोटो घे. नवखी मंडळी एकेक बोल्ट पूर्ण काढत सुटतात. मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब एकाच बाजूला येतो आणि शाफ्ट वाकतो किंवा कॅप तडकते. म्हणून:

- सोडवताना बाहेरून आत, अर्धा-अर्धा फेरा.
- बसवताना जर्नल (शाफ्ट टेकून फिरतो तो गोल भाग) आणि लोब (व्हॉल्व्ह दाबणारा उंचवटा) यांना इंजिन ऑइल लावून आतून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.
- हे बारीक बोल्ट साधारण १०-१२ न्यूटन-मीटरवर कसतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घे. चाकाचा मोठा टॉर्क रेंच इथे चालत नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात फिरून छोटा घे.

व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा. तिचा फेजर (शाफ्टच्या टोकाचं चेनचं चाक) ऑइलच्या दाबावर फिरतो, आत लॉक पिन असते. त्याचा बोल्ट सोडवताना फेजर किंवा चेन धरू नकोस, शाफ्टवरच्या षटकोनी भागाला पाना लाव. फेजर खोलायचा मोह सध्या टाळ. फेजरला ऑइल सोडणाऱ्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी मात्र बघ, बऱ्याचदा खरा घोळ तिथल्या गाळाचा असतो.

स्टार्टर मारण्याआधी क्रँक (इंजिनचा खालचा मुख्य शाफ्ट) हाताने पूर्ण दोन फेरे फिरव. कुठे अडला तर जोर लावू नकोस, कॅम आणि क्रँकचा मेळ दाखवणाऱ्या टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळव.