खाते गोठवले म्हणजे गुन्हेगार ठरवले का?

“मी काहीच केलेले नाही, तरी पोलिसांनी खाते फ्रीझ केले; आता लोकांना तोंड कसे दाखवू?” हा प्रश्न नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करताना मला वारंवार ऐकावा लागतो, कधी द्राक्ष व्यापाऱ्याकडून, तर कधी मेन रोडवरच्या दुकानदाराकडून. म्हणून, ओळख पटू नये यासाठी तपशील बदलून, एक अनुभव येथे मांडते.

नाशिकरोड स्थानकावरून भाविकांना त्र्यंबकेश्वर आणि शिर्डीला नेणारे एक टॅक्सीमालक माझ्याकडे आले. एका प्रवाशाने भाड्याचे ४,२०० रुपये यूपीआयने दिले होते. ते पैसे परराज्यातील फसवणुकीतून फिरत आल्याचा संशय निघाला आणि त्यांचे संपूर्ण खातेच बंद झाले. गाडीचा हप्ता बाऊन्स झाला, झोप उडाली.

“घरी काय सांगितलंत?”

“हिला सांगितलं, बँकेचं सर्व्हर डाऊन आहे. वडिलांना तर कळताच कामा नये. आमच्या दारात आजवर पोलीस आलेले नाहीत, मॅडम.”

ते पैशांविषयी बोलत होते, पण त्यांना पोखरत होती ती लाज. तिच्यापायी ते बँकेची पायरीही चढले नव्हते, त्यामुळे खाते कोणत्या तक्रारीवरून गोठवले, हे त्यांना ठाऊकच नव्हते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक खचवतो, यावर माझा विश्वास आहे. मी त्यांना बँकेकडून लेखी कारण मागून आणायला सांगितले.

पुढे एका भेटीत त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मी तो त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितला. तक्रार क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव, वादग्रस्त रक्कम.

“यात तुम्हाला आरोपी कुठे म्हटलं आहे?”

त्यांनी प्रत्येक ओळीवरून बोट फिरवले आणि पुन्हा वरपासून वाचले. “नाही म्हटलेलं,” ते म्हणाले, आणि बऱ्याच वेळाने, “मीच म्हणत होतो.”

“तुम्ही निर्दोष आहात, काळजी करू नका,” असे मी सुरुवातीलाच म्हणू शकले असते; परंतु तो निवाडा देण्याचा मला अधिकार नव्हता आणि त्यांचा त्यावर विश्वासही बसला नसता. स्वतःच्या तोंडून तो कागद वाचल्यामुळे जे घडले, ते माझ्या कोणत्याही धीराच्या शब्दांनी घडले नसते, असे मला आजही वाटते. त्याच संध्याकाळी त्यांनी पत्नीला सगळे सांगितले, आणि भाड्याच्या नोंदींची वही तिनेच शोधून दिली.

कायदाही हाच फरक करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार पोलीस संशयास्पद मालमत्ता ताब्यात घेऊ शकतात, आणि बँक खाते ही अशी मालमत्ता ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच स्पष्ट केले आहे. ही कारवाई मालमत्तेवर असते. खातेदाराच्या दोषाचा तो निर्णय नव्हे. चौकशी मात्र होऊ शकते, तिला टाळू नये.

बँकेकडून तक्रार क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा संपर्क लेखी घ्यावा. पावती, नोंदवही, प्रवाशाशी झालेले मोबाइलवरचे संभाषण जोडून दोघांनाही अर्ज द्यावा, आणि वादग्रस्त रक्कमच रोखून उर्वरित खाते खुले करण्याची विनंती करावी. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच स्वरूपाचा आदेश दिला होता. दाद लागली नाही, तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. अनोळखी व्यक्तीला परस्पर पैसे परत पाठवू नयेत, आणि कमिशनचे आमिष दाखवून तुमचे खाते वापरायला मागणाऱ्यांना तर दारातही उभे करू नये. पोलीस असल्याचे भासवून कुणी फोनवरच ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे ऑनलाइन अटकेची, भीती घातली तर घाबरू नये; अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

या गृहस्थांचे उर्वरित खाते खुले झाले. ४,२०० रुपये अजून अडकलेले आहेत आणि त्यांचा पाठपुरावा ते स्वतः करतात. घरातील कुणी अशा काळात अबोल झाले, जेवण-झोप सोडून बसले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर कागदपत्रे बाजूला ठेवून आधी त्यांच्याजवळ बसा आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तेथे मराठीतही बोलता येते.