काठीवर ज्योतीच्या टॉर्चने (ब्लोटॉर्चने) जाळून केलेली नक्षी गोव्याच्या पावसाळ्यात टिकते का?

होय, टिकते; परंतु ती जाळण्यामुळे नव्हे, तर नंतर दिलेल्या तेलामुळे. ज्योत सतत फिरवत ठेवून लाकडाचा केवळ वरचा पापुद्रा करपवला जातो व सुटी काजळी पितळी ब्रशने घासून काढली जाते; त्यामुळे लाकडाच्या मऊ रेषा खोल जाऊन कठीण रेषा उठून दिसतात, पण ओलावा अडवण्याइतका कोळशाचा थर उरत नाही. फोंड्यात सुतारकाम करताना मी म्हणूनच जवसाच्या तेलाचे पातळ हात देतो, तेही मे महिन्यातच, कारण जूननंतरच्या दमट हवेत तेल दीर्घकाळ चिकट राहते. बांबूच्या काठीची गोष्ट मात्र वेगळी: बंद पेरांतील हवा तापून ती फुटू शकतात, तेव्हा प्रत्येक पेराला आधी बारीक छिद्र पाडावे.